वर्तुळाकार मांडण्या कशा मोजायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी), सीईटी किंवा बँकेच्या परीक्षांकडे वळणारी मुलं या विषयात हमखास अडतात. कारण साधं आहे. पीयूसीला एनसीईआरटीचा अभ्यासक्रम चालतो आणि त्यातला मांडण्यांचा धडा सरळ रांगेपाशीच थांबतो. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला अकरावी करणाऱ्याच्या महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात वर्तुळाकार मांडण्यांचा वेगळा भाग आहे. स्पर्धा परीक्षा मात्र दोघांना एकच प्रश्न टाकते.

खाली सगळीकडे न म्हणजे वस्तूंची किंवा माणसांची संख्या. ५! म्हणजे पाच फॅक्टोरियल, म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०.

गोलात बसवताना (न − १)! का? हा वजा एक कुठून आला?

हळदी-कुंकवाला चौघीजणी सतरंजीवर गोल करून बसल्या आहेत. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. सरळ रांगेत अबकड, बकडअ, कडअब, डअबक या चार वेगळ्या रांगा होतात, कारण पहिली कोण आणि शेवटची कोण हे दर वेळी बदलतं. गोलात पहिलं-शेवटचं काही नसतं. सगळ्याजणी एकेक जागा सरकल्या तरी अ च्या एका हाताला ब आणि दुसऱ्या हाताला ड असते ती असतेच. म्हणून या चार रांगा मिळून गोलातली एकच मांडणी.

चौघींच्या रांगा ४! = २४. त्या चार-चारच्या गठ्ठ्यांत पडतात, गठ्ठे होतात ६, म्हणजे ३!. सूत्र पाठ करण्याआधी या २४ रांगा एकदा हाताने लिहून गठ्ठे पाडून बघा. अर्धा तास जातो, पण पुढच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

न! ला न ने भागायचं, की एकीला बसवून बाकीच्यांना फिरवायचं?

उत्तर एकच येतं, सवय दुसऱ्या रीतीची लावा. अ ला कुठेही बसवून टाका. सतरंजीवरच्या सगळ्या जागा सारख्याच असल्यामुळे तिला बसवण्याच्या रीती मोजायच्याच नाहीत. ती बसली की तिच्या लगतची डावी जागा, उजवी जागा, समोरची जागा अशा बाकीच्या जागा आपोआप वेगळ्या ओळखता येतात. उरलेल्या तिघी त्या जागांवर ३! रीतींनी बसतात.

भागाकाराची रीत तेव्हाच खरी, जेव्हा प्रत्येक गठ्ठा सारख्या आकाराचा असतो. वस्तू एकसारख्या असल्या की गठ्ठे लहान-मोठे होतात आणि भागाकार फसतो. तो प्रकार पुढे सविस्तर आला आहे.

कुणाला आधी बसवायचं? ज्याच्यावर अट आहे त्याला, नाहीतर जो इतरांपासून वेगळा ओळखू येतो त्याला.

गोल दिसलं की वजा एक, एवढं लक्षात ठेवलं तर चालेल ना?

नाही चालणार. गोल आकारावर काही ठरत नाही. फिरवल्यावर मांडणी ‘तीच’ मानायची की नाही, यावर सगळं ठरतं.

बेळगावात चन्नम्मा सर्कलभोवती सहा ठरलेल्या जागी सहा वेगळे फ्लेक्स लावायचे आहेत. आकार गोल आहे, पण प्रत्येक जागेला स्वतःची ओळख आहे. कॉलेज रोडच्या तोंडाचा फ्लेक्स दुसऱ्या रस्त्याच्या तोंडाला गेला तर तो लावणाऱ्यालाही कळतं आणि पैसे देणाऱ्यालाही. उत्तर ६! = ७२०. इथे ५! = १२० लिहिलं तर सहापट कमी मोजलं.

हेच पुढच्या ठिकाणीही लागू पडतं: खुर्च्यांना नंबर आहेत, एक खुर्ची अध्यक्षांची ठरलेली आहे आणि तिथे कुणीही बसू शकतो, एका बाजूला स्टेज किंवा दरवाजा आहे आणि प्रश्नात त्याचा उल्लेख केला आहे. ओळखीची खूण आली की न!.

देवाच्या हातांतल्या आयुधांचं गणित यातच मोडतं का?

दिसतं गोलासारखं, पण मोडत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाच्या भागात हे उदाहरण आहे: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आलटून पालटून दिली तर मूर्तींचे प्रकार किती, आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म दिले तर किती? उत्तरं ३६,२८,८०० आणि २४. पहिलं १०!, दुसरं ४!.

हात अंगाभोवती वर्तुळात काढलेले दिसले तरी वरचा उजवा हात आणि खालचा डावा हात या दोन ओळखीच्या, वेगळ्या जागा आहेत, म्हणून भागाकार नाही. केशव, नारायण, माधव ही संध्येतली चोवीस नावं मूर्तिशास्त्रात याच चोवीस मांडण्यांशी जोडलेली आहेत. इथे कुणी (४ − १)! करून सहावर थांबला तर अठरा नावं उरतील!

मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, एक मधे आणि सहा भोवती. त्याच्या मांडण्या किती?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातल्या बहुतेक प्रश्नांपेक्षा चांगला वाटतो, कारण यात दोन पायऱ्या आहेत. मोहरी, जिरं, हळद, लाल चटणी, मेथी, हिंग, धणेपूड असे सात जिन्नस. मधल्या वाटीत काय, हे ७ रीतींनी ठरतं. उरलेले सहा भोवतीच्या गोलात (६ − १)! = १२० रीतींनी. एकूण ७ × १२० = ८४०.

पडताळा असा: सात वाट्यांत सरळ भरण्याच्या रीती ७! = ५०४०. डबा सहा घरं फिरवता येतो, म्हणून ५०४० ÷ ६ = ८४०. बरेच जण सात वस्तू बघून ६! = ७२० लिहितात, ते चूक. मधली वाटी फिरवल्याने हलत नाही, ती गोलात धरायचीच नाही.

डब्याला एका बाजूला कडी किंवा नाव कोरलेलं असेल आणि ती खूण मोजायची असेल तर पुन्हा ५०४०. डबा उलटा करून बघण्याचा प्रश्न येत नाही, हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही सांगायला नको.

देवघरातलं पाच वाट्यांचं, मधे दांडी असलेलं पंचपाळ याहून सोपं. मधे वाटी नाही, म्हणून ४! = २४.

टेबल चौकोनी असेल तर?

टेबल किती प्रकारे फिरवलं की जागा जशाच्या तशा जागांवर बसतात, तेवढ्यानेच भागायचं. आठ माणसांची तीन टेबलं बघा.

गोल टेबल: ८ प्रकारे फिरतं, ८! ÷ ८ = ५०४०.
चौरस टेबल, प्रत्येक बाजूला दोघे: ४ प्रकारेच फिरतं, ८! ÷ ४ = १०,०८०.
लांबट टेबल, दोन लांब बाजूंना चार-चार, टोकांना कुणी नाही: २ प्रकारे फिरतं, ८! ÷ २ = २०,१६०.

चौरस टेबलाला एकच जागा सरकलं तर कोपऱ्याच्या अलीकडचा माणूस पलीकडे जातो. ज्याच्या शेजारी बाजूला बसला होता तो आता काटकोनात येतो. म्हणून ती वेगळी मांडणी.

माळेला, हाराला दोनने का भागतात?

माळ हातात घेऊन उलटी धरता येते, पंगतीतली माणसं उलटी धरता येत नाहीत. उलटल्यावर डावीकडून उजवीकडचा क्रम उजवीकडून डावीकडचा होतो, आणि माळ तर तीच असते. म्हणून न वेगवेगळ्या मण्यांच्या माळा (न − १)! ÷ २. सहा मण्यांच्या ५! ÷ २ = ६०, सात मण्यांच्या ६! ÷ २ = ३६०.

दोन गोष्टींत मुलं चुकतात. पहिली: हे सूत्र न तीन किंवा जास्त असेल तेव्हाच. दोन मण्यांना लावलं तर उत्तर अर्धं येतं, आणि अर्धी माळ म्हणजे काय ते कुणाला माहीत नाही. दोन मण्यांची माळ उलटली तरी तीच राहते, तिची जोडीदार मांडणीच नसते. तीन मण्यांची एकच माळ होते, २! ÷ २ = १.

दुसरी: ‘माळ’ शब्द वाचला की डोळे झाकून दोनने भागणं. माळेला खाली पदक असेल तर पदक ही ओळखीची खूण झाली, आणि बाकीच्या न मण्यांच्या रांगा न!. पदक दोन्हीकडून सारखं असेल तर न! ÷ २. एका बाजूलाच नक्षी असेल तर उलटी घालायची सोय नाही, मग न!. ठुशी किंवा कोल्हापुरी साज मागे दोऱ्याने बांधतात आणि दर्शनी बाजू एकच असते. ती गळ्याभोवती गोल दिसली तरी गणितात सरळ रांग आहे.

परीक्षेत मात्र फुलांचा हार, मण्यांची माळ, किल्ल्यांचा जुडगा असं आलं आणि पदकाबिदकाचा उल्लेख नसला तर (न − १)! ÷ २ च अपेक्षित असतं. लेझमाचं वर्तुळ, झिम्मा, भजनी मंडळ, गोल टेबल यांना दोनने भागायचं नाही.

आठजण गोलात बसले. ठरावीक दोघे शेजारी किती वेळा? दूर किती वेळा?

दोघांची एक मोळी करा. सात घटक झाले, गोलात ६! = ७२०. मोळीच्या आत दोघे अदलाबदल करतात, म्हणून ७२० × २ = १४४०. दूर बसण्याच्या मांडण्या ५०४० − १४४० = ३६००.

दूर बसण्याचं थेट मोजूनही पाहा. बाकीचे सहा आधी गोलात ५! = १२० रीतींनी बसवा. त्यांच्यामध्ये सहा फटी पडतात (रांगेत सात पडल्या असत्या, इथेच घोटाळा होतो). पहिल्याला ६ फटी, दुसऱ्याला ५. १२० × ३० = ३६००. जुळलं.

योगायोगाने दोघे शेजारी येण्याची शक्यता गोलात २/७ आणि आठांच्या सरळ रांगेत २/८. गोलात टोक नाही, प्रत्येकाला दोन शेजारी, म्हणून गोलातली शक्यता थोडी जास्त.

दोघे बरोबर समोरासमोर हवे असतील तर एकाला बसवा, दुसऱ्याची जागा ठरलीच, बाकीचे ६! = ७२०. माणसं विषम असतील तर बरोबर समोर कुणीच नसतं, उत्तर शून्य.

आणि तिघांना दूर ठेवायचं असेल तर?

आधी वाक्य दोनदा वाचा. ‘तिघे एकत्र नकोत’ आणि ‘तिघांतले कुणीही दोघे शेजारी नकोत’ हे वेगळे प्रश्न आहेत.

आठांत तिघे एकत्र: मोळी धरून सहा घटक, ५! × ३! = ७२०. म्हणून ‘तिघे एकत्र नकोत’ याचं उत्तर ५०४० − ७२० = ४३२०. यात दोघे शेजारी आणि तिसरा लांब, अशा मांडण्याही आल्या.

कुणीही दोघे शेजारी नकोत: बाकीचे पाच गोलात ४! = २४, पाच फटी, तिघांना ५ × ४ × ३ = ६०. उत्तर २४ × ६० = १४४०. पर्यायांत ४३२० आणि १४४० दोन्ही दिलेले असतात, हे गृहीत धरूनच चाला.

स्त्री-पुरुष एकाआड एक, आणि जोडप्यांचे प्रश्न कसे सोडवायचे?

चार पुरुष, चार स्त्रिया एकाआड एक: पुरुष गोलात ३! = ६, चार फटींत चार स्त्रिया ४! = २४, एकूण १४४. स्त्रियांना पुन्हा (४ − १)! लावणं ही या भागातली सगळ्यात नेहमीची चूक. पुरुष बसल्यावर फटी ओळखीच्या झाल्या, वर्तुळाचा हिशेब एकदाच होतो.

चार जोडपी, प्रत्येक जोडपं शेजारी: चार मोळ्या गोलात ३! = ६, प्रत्येक मोळीत २ रीती, ६ × १६ = ९६.

चार जोडपी, कुठलंही जोडपं शेजारी नको, एकाआड एकची अट नाही: इथे मिळवणी-वजावणी करावी लागते. एकूण ५०४०. एक ठरावीक जोडपं शेजारी असण्याच्या १४४०, जोडपी चार, म्हणून ५७६० वजा. दोन ठरावीक जोडपी शेजारी ४ × ५! = ४८०, अशा जोड्या ६, म्हणून २८८० मिळवा. तीन: ८ × ४! = १९२, चार वेळा, ७६८ वजा. चारही: ९६ मिळवा. ५०४० − ५७६० + २८८० − ७६८ + ९६ = १४८८.

एकाआड एक आणि शिवाय नवरा-बायको शेजारी नकोत, अशा दोन्ही अटी एकदम आल्या की प्रश्न भलताच अवघड होतो. लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८९१ मध्ये तो मांडला आणि त्याचं नीटस सूत्र तूशार याने १९३४ मध्ये दिलं. तीन जोडप्यांना २, चार जोडप्यांना १२, पाच जोडप्यांना ३१२ मांडण्या होतात. सीईटीला हा येत नाही. चार जोडप्यांच्या १२ हाताने काढून बघायला हरकत नाही.

बँकेच्या परीक्षेत ‘डावीकडून तिसरा’ विचारतात तेव्हा कायम उलटं का होतं?

कारण तुम्ही कागदाकडे बघून डावं-उजवं ठरवता, बसलेल्या माणसाच्या अंगाने नाही. नियम असा: तोंड केंद्राकडे असेल तर त्याचा डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला, उजवा हात उलट दिशेला. तोंड बाहेर असेल तर याच्या बरोबर उलट. आकृती काढताना प्रत्येक नावापुढे आत किंवा बाहेर जाणारा बाण आधी काढा, मग मोजायला लागा.

काही मणी एकाच रंगाचे असतील तर एकसारख्यांच्या फॅक्टोरियलने आणि मग न ने भागलं की झालं ना?

कधीकधी होतं, नेहमी नाही. या पानावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा प्रश्न हाच.

बेंदराला बैलाच्या गळ्यात घालायची सहा मण्यांची माळ घ्या: तीन लाल, तीन पांढरे. सरळ रांगा ६! ÷ (३! × ३!) = २०. आता सहाने भागा. २० ÷ ६ पूर्ण येत नाही. उत्तर अपूर्णांकात आलं, म्हणजे पद्धतच चुकली.

कुठे चुकली ते बघू. लाल म्हणजे ला, पांढरा म्हणजे पां. फिरवून एक होणाऱ्या रांगा एकत्र केल्या की हे चार नमुने उरतात:

ला ला ला पां पां पां
ला ला पां ला पां पां
ला ला पां पां ला पां
ला पां ला पां ला पां

पहिल्या तिघांपैकी कुठलाही फिरवला तर प्रत्येकी सहा वेगळ्या रांगा मिळतात, १८ झाल्या. चौथा बघा. दोन घरं फिरवला की तो परत तसाच दिसतो, त्याच्या रांगा दोनच. १८ + २ = २०. गठ्ठे सारखे नाहीत, म्हणून भागाकार बसला नाही. नुसतं फिरवणं धरलं तर उत्तर ४.

माळ उलटताही येत असेल तर दुसरा नमुना उलटून फिरवला की तिसराच होतो. पहिला आणि चौथा उलटले तरी स्वतःच राहतात. म्हणून माळा ३. चारला दोनने भागून २ लिहिणाराही चुकला.

मग सरळ भागाकार कधी चालतो? प्रत्येक रंगाचे मणी किती आहेत ते आकडे लिहा आणि त्यांचा मसावि काढा. मसावि १ असेल तर कुठलाच नमुना मधेच स्वतःवर येऊन बसू शकत नाही, फिरवण्यापुरता भागाकार बरोबर. तीन लाल, दोन पांढरे: मसावि १, सरळ रांगा १०, गोलात १० ÷ ५ = २. चार लाल, दोन पांढरे: मसावि २, सरळ रांगा १५, सहाने भाग जात नाही. हाताने मोजा: पांढरे दोन शेजारी, एक सोडून, किंवा समोरासमोर. उत्तर ३, आणि गठ्ठे ६ + ६ + ३ = १५.

एक मणी सोन्याचा, बाकीचे एकसारख्या रंगांचे असतील तर सोपं होतं का?

फिरवण्यापुरतं एकदम सोपं. सोन्याच्या मण्याला बसवून टाका, बाकीची सरळ रांग. एक सोन्याचा, चार लाल, दोन काळे: ६! ÷ (४! × २!) = १५.

उलटण्याचा हिशेब करताना जपून. १५ ÷ २ = ७.५, म्हणजे पुन्हा गठ्ठे सारखे नाहीत. सोन्याच्या मण्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या दिसणाऱ्या माळा उलटल्यावर त्याच राहतात. अशा किती? सहा मण्यांच्या समोरासमोरच्या तीन जोड्या, त्यातली एक काळी, म्हणून ३. उरलेल्या १२ मांडण्या दोन-दोन मिळून ६ माळा. ६ + ३ = ९.

चटकन करायचं तर (एकूण + दोन्हीकडून सारख्या) ÷ २, म्हणजे (१५ + ३) ÷ २ = ९.

रांगोळीच्या पाकळ्यांत रंग भरायचे, कुठला रंग किती वेळा याची अट नाही. तेव्हा?

सहा पाकळ्या, तीन रंग. पाकळ्यांना नंबर असते तर ३ × ३ × ... सहा वेळा, ७२९. फिरवून एक मानायच्या असतील तर प्रत्येक फिरवणुकीला किती रांगोळ्या न बदलता राहतात ते मोजायचं आणि सरासरी काढायची.

न फिरवता: सगळ्या, ७२९.
एक किंवा पाच घरं: सगळ्या पाकळ्या एका रंगाच्या हव्यात, प्रत्येकी ३.
दोन किंवा चार घरं: दोन रंग आलटून पालटून (दोन्ही एकच असले तरी चालतं), प्रत्येकी ९.
तीन घरं: समोरासमोरच्या पाकळ्या सारख्या, २७.

बेरीज ७२९ + ६ + १८ + २७ = ७८०. भागिले ६, उत्तर १३०. जमिनीवरची रांगोळी उलटता येत नाही, म्हणून इथेच थांबायचं.

ही सरासरीची रीत बर्नसाइड या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या १८९७ च्या पुस्तकामुळे ती प्रसिद्ध झाली, पण त्याआधी कोशी आणि फ्रोबेनियस यांच्या लिखाणात ती आहे.

पाकळ्यांची संख्या मूळ असेल तर फारच सुटसुटीत. पाच पाकळ्या, तीन रंग: एकूण २४३, त्यातून एकरंगी ३ बाजूला काढा, उरलेल्या २४० पाच-पाचच्या गठ्ठ्यांत नेमक्या बसतात, ४८ + ३ = ५१. या वजाबाकीला पाचने भाग जातोच जातो, आणि तेच फर्माचं छोटं प्रमेय. रांगोळीतून ते सिद्ध होतं, हे वर्गात सहसा कुणी सांगत नाही.

दहा जणांतून सहा निवडून गोलात बसवायचे?

आधी निवड, मग गोल. निवड २१० रीतींनी, गोल ५! = १२०. एकूण २५,२००. दहा वेगळे मणी असून सहा मण्यांची माळ करायची असेल तर निम्मे, १२,६००.

प्रश्नात ‘फिरवलेली मांडणी एकच’ असं लिहिलेलं नसेल तर काय धरायचं?

‘गोल टेबलाभोवती’, ‘वर्तुळात’ एवढंच असेल तर (न − १)!. ‘नंबर असलेल्या खुर्च्या’, ‘ठरलेल्या जागा’, ‘वेगवेगळ्या खोल्या’ आलं तर न!. ‘शेजारी तेच असतील तर मांडणी एकच, बाजू कुठलीही चालेल’ असं वाक्य माणसांच्या बाबतीत आलं तर माणसं असूनही दोनने भागायचं, कारण त्या वाक्याने उलटणं मान्य केलं आहे.

आपलं उत्तर बरोबर आहे का, हे पायथॉनमध्ये कसं तपासायचं?

सगळ्या वस्तू वेगळ्या असतील तर पहिली वस्तू जागेवर ठेवून बाकीच्यांचे क्रम पाडा आणि अट पाळणारे मोजा. दहा वस्तूंना ३,६२,८८० क्रम होतात, साधा लॅपटॉपही ते लगेच उरकतो. बारा वस्तूंना ते जवळजवळ चार कोटी होतात, तेव्हा चहा पिऊन या.

वस्तू एकसारख्या असतील तर पहिलीला जागेवर ठेवू नका. प्रत्येक सरळ रांग घ्या, तिच्या सगळ्या फिरवलेल्या रांगा काढा, त्यातली कोशक्रमाने सगळ्यात आधी येणारी निवडा आणि ती एका सेटमध्ये टाका. शेवटी सेटचा आकार हे गोलाचं उत्तर. माळेसाठी रांग उलटून त्या उलट्या रांगेच्याही सगळ्या फिरवणुका काढायच्या आणि दोन्हींतली आधी येणारी टाकायची.

तीन लाल, तीन पांढऱ्या मण्यांवर चालवून बघा. गोलाला ४ आणि माळेला ३ यायला हवेत. माळेलाही ४ च आले, तर उलटलेली रांग पुन्हा फिरवायची राहिली आहे.